यादवाची डावी बाही

मंडळी, ऐका! आज प्रश्न आधी टाकतो, देव मागून येईल. त्याला घाई नसते, घाई आपल्याला.

प्रश्न असा — एखाद्यानं तुमचा जीव वाचवला. जीव! मोबाईल नव्हे, तो हरवला तर तुम्ही जास्त रडता. जीव वाचवला. आता त्याचे आभार कसे मानाल?

बोला की! कुणीतरी बोला!

"शाल-श्रीफळ!"

बघा. मागून आवाज आलाच. बरोबर आहे ताई, आपल्याकडं प्रत्येक उपकाराला एकच औषध — शाल आणि नारळ. माझ्या घरी इतक्या शाली साठल्यात की बायको म्हणते, थंडीच कमी पडते आपल्याला!

आजची गोष्ट शालीची नाही. आजचं आख्यान आहे चामड्याच्या जॅकेटचं.

झालं! पुढच्या रांगेतले आजोबा दचकले. "महाराज, देवळात चामडं?" अहो आजोबा, हे गोरखबुवा मघापासून काय बडवताहेत? मृदंगाच्या तोंडावर काय मढवलंय, प्लास्टिक? वाजवा बुवा, एकदा जोरात! — ऐकलंत? चामडंच बोललं. देवानं कान झाकले नाहीत. आपणही झाकायला नकोत.

तर चला निफाडला!

निफाड म्हणजे द्राक्षं आणि निफाड म्हणजे थंडी. अशी थंडी, की पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात — माणसांसाठी नाही, घडांसाठी! मणी तडकू नयेत म्हणून धूर करतात. तिथं एक बागायतदार, दौलतनाना कुशारे. भला माणूस. आवाज मोठा, मन त्याहून मोठं, आणि कान — कान जरा लहान. दुसऱ्याचं आत शिरायला जागा कमी.

नानांच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, यादव गांगुर्डे. ट्रॅक्टर नानांचा, पण जीव यादवाचा त्याच्यात. आवाजावरून सांगायचा, आज याचं पोट बिघडलंय.

जानेवारीतली पहाट. फवारणी चाललेली. ट्रॅक्टरच्या मागं एक दांडा फिरत असतो, त्याच्यावर फवारणीचा ब्लोअर चालतो. त्या दांड्यावर कंपनीनं झाकण दिलेलं असतं. नानांनी ते काढून ठेवलेलं! का? तर ग्रीस भरायला आडवं येतं. नाना शाल पांघरून आले, वाकले, बघताहेत फवारा नीट उडतोय का... आणि शालीचं टोक गेलं दांड्यात.

गुंडाळली शाल! गळ्याभोवती! दांडा खेचतोय, नाना वाकताहेत, आणखी वाकताहेत —

यादव ट्रॅक्टर उभा करून, इंजिन चालूच ठेवून खाली उतरलेला. वर चढून चावी फिरवायला वेळ कुठला? त्यानं डावा हात मधे घातला. शाल ओढली, फाडली. नाना सुटले. आणि तीच शाल यादवाच्या बाहीला गुंडाळली.

(थांबा बुवा. इथं वाजवू नका.)

कोपराच्या वरून हात गेला. डावा.

नाना वाचले. यादव वाचला. आणि मंडळी, आता खरी गोष्ट सुरू होते. एवढा वेळ होती ती बातमी. वाचल्यावर काय करायचं, ही गोष्ट.

नानांनी काय केलं नाही? दवाखाना केला. घर बांधून दिलं. पोरांच्या शिक्षणाचं बघितलं. आणि वर सांगितलं, "यादवा, तू आता काम करायचं नाही. तू फक्त बसायचं!"

पॅकिंग शेडच्या तोंडाशी गादीची खुर्ची टाकली. यादव बसला. पाहुणा आला की नाना दाखवणार — "हा आमचा यादव! यानं मला वाचवलं!" पाहुणा हात जोडणार. यादव हात... एकच हात वर करणार.

खंडेनवमी आली. तुम्हाला माहीत आहे, त्या दिवशी हत्यारं धुवायची, मांडायची, हळदकुंकू लावायचं, आणि त्या दिवशी कामाला घ्यायची नाहीत. नानांनी ट्रॅक्टर धुतला, हार घातला. पहारी, कात्र्या, पंप मांडले. आणि शेजारी खुर्ची मांडून यादवाला बसवलं. त्यालाही कुंकू! त्यालाही शाल!

शाल! जिनं हात खाल्ला, तीच वस्तू, दर वर्षी, नवी! घरी गेला की यादव बायकोला, सुलोचनाला म्हणायचा, "ठेव बाई आत. माझ्या अंगावर टाकू नको." लोंबणारं कापड दिसलं की त्याच्या अंगावर काटा यायचा. नानांना कळलं? नाही. नाना देत होते. देणाऱ्याला सवड कुठली बघायला!

आणि ऐका — हत्याराची खंडेनवमी एक दिवसाची असते. दुसऱ्या दिवशी पहार मातीत, कात्री वेलीवर. यादवाची खंडेनवमी संपेचना! वर्षं गेली, हा मखरातच!

*देणाऱ्या रे, थांब जरा,*
*घेणाऱ्याला विचार जरा!*

म्हणा! मागच्या रांगा झोपल्या का? — हां, आता कसं!

पुढं एकदा यादव म्हणाला, "नाना, स्टिअरिंगला मूठ बसवली की एका हातानं चालतो ट्रॅक्टर. मी चालवून बघितलाय, मेव्हण्याकडं, सिन्नरला."

नाना म्हणाले, "वेडा का खुळा? लोक काय म्हणतील मला?"

लोक काय म्हणतील *मला*! ऐकलंत ना मंडळी? यादवाचा हात, यादवाचं काम, आणि काळजी कुणाची?

नानांच्या मनात मात्र आलं, यादव नाराज दिसतोय. काहीतरी मोठं द्यायला पाहिजे. थंडीत ट्रॅक्टरवाली पोरं जॅकेट घालून फिरतात, यादव त्यांच्याकडं बघत बसतो. ठरलं! यंदा शाल नाही. जॅकेट! अस्सल चामड्याचं, मापानं शिवलेलं!

(मागच्या ताई, तुमची शाल गेली हो. वाईट वाटून घेऊ नका.)

नाना नाशिकला गेले, कानडे मास्तरांकडं. कानडे मास्तर म्हणजे हौशी माणूस. पन्नास नमुने पुढं टाकले. "कॉलर उभी करू का पडती? खांद्यावर पट्ट्या? कमरेला पट्टा? पाठीवर वाघ काढू का नाना?"

"वाघ नको. साधं, काळं, भारदस्त. पुढं चेन. पितळेची, चकाकणारी. आतून रेशमी अस्तर."

"माप?"

नानांनी पिशवीतून यादवाचा शर्ट काढला. सुलोचनाकडून गुपचूप मागून आणला होता. मास्तरांनी पसरला. बघतात तर उजवी बाही पूर्ण, डावी वरच कापलेली, दुमडून, टाके घालून बंद केलेली.

"नाना, याला डावी बाही नाही."

"उंदरानं कुरतडली असेल! तू दोन्ही लाव."

"उंदीर फार नेटका दिसतोय. टीप मारून गेला."

"मास्तर! दोन्ही बाह्या म्हणजे दोन्ही. डावीत कापूस भर. पुढं हातमोजा शिव. भरलेली दिसली पाहिजे."

"जॅकेट शिवू का उशी?"

 नानांचे डोळे भरले. "मास्तर, ती रिकामी जागा मला बघवत नाही रे."

मंडळी, हसू नका इथं. नाना वाईट नव्हते. त्यांच्या जागी आपण बसून बघू. रोज समोर तो खांदा. रोज आठवण, की हा माझ्यामुळं. कापूस यादवासाठी नव्हता. कापूस नानांच्या डोळ्यांसाठी होता.

मास्तर म्हणाले, "बरं. पण आधी मांजरपाटात शिवतो. त्याला घेऊन या, घालून बघू दे. कापड उसवता येतं. चामड्यात सुई एकदा गेली की भोक जात नाही."

"अरे, गंमत आहे! त्याला सांगायचं नाही. थेट चामड्यावरच शिव!"

आणि शिवलं. थेट.

खंडेनवमी. ट्रॅक्टरला हार. सगळी वस्ती जमलेली. नानांनी जॅकेट उघडलं — काय ते काळंभोर! वास असा, की शोरूमचं दार उघडावं! टाळ्या! नानांनी स्वतः चढवलं यादवाला. उजवा हात गेला. डाव्या बाजूला — कापसाचा हात. हातमोज्यासकट. टणक. मांडीवर येऊन पडला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

"चेन लाव की यादवा!" लोक ओरडले.

एका हातानं चेन लावून बघितलीये कधी? आज घरी जाऊन बघा. खालचं टोक धरायला दुसरा हात लागतो. यादव धरतोय, सुटतंय. परत धरतोय. टाळ्या विरल्या. नाना पुढं झाले, वाकले, आणि शाळेत निघालेल्या पोराची लावावी तशी यादवाची चेन लावू लागले.

यादव हळूच म्हणाला, "नाना, हे काढा."

"काय झालं? घट्ट होतंय?"

"काढा. आणि मी उद्या सिन्नरला जातोय. मेव्हण्याच्या गॅरेजात. कायमचा."

"यादवा! काय कमी केलं मी तुला?"

"कमी काहीच नाही केलं. मी माणूस होतो नाना, ड्रायव्हर होतो. तुम्ही माझा हार घातलेला फोटो केलात."

आता सुलोचना उठली. पदर खोचला. "नाना, मापाला शर्ट नेलात, त्याची डावी बाही कुठं गेली, विचारलंत का मला?"

"मला वाटलं उंदरानं..."

"उंदीर मी! सगळ्या शर्टांच्या बाह्या मी कापल्यात. लोंबलेली बाही यांना चालत नाही. अजून झोपेत ओरडतात, बाही अडकली म्हणून. तुम्ही त्यात कापूस भरलात!"

 ट्रॅक्टरवरच्या हारातली झेंडूची फुलं तेवढी वाऱ्यानं हलत होती.

नाना मटकन खाली बसले. पहारींच्या शेजारी, जमिनीवर. आणि वर बघून, इतक्या वर्षांत पहिल्यांदा — पहिल्यांदा! — विचारलं, "यादवा, तुला काय पाहिजे?"

वाजवा बुवा! आता वाजवा! ह्या एका प्रश्नासाठी आख्यान आहे!

यादवानं मागितलं एकच — ट्रॅक्टर, परत चालवायला. दुसऱ्या दिवशी यादव सिन्नरला गेला नाही. दोघं तेच जॅकेट घेऊन नाशिकला, कानडे मास्तरांकडं. मास्तरांनी खुर्ची नानांना दिली आणि टेप गळ्यात टाकून यादवासमोर उभे राहिले. "बोला यादवराव, मालक तुम्ही."

बघता बघता यादवाचा चेहरा बदलला! सुचेल तसं बोलत सुटला. "डावी इथं कापा, दंडाच्या वर. दुमडून बंद. लोंबता दोराही नको. कमरेचा पट्टा काढा, तो अडकतो. कॉलर खाली घ्या, मागं वळून ब्लोअर बघावा लागतो. चेन नको, टिचबटणं लावा, मोठी. अंगठ्यानं दाबली की बसली. आणि खिसा डाव्या छातीवर, आतून. उजवा हात सहज जातो."

"चेन काढली तर भोकांची रांग दिसेल," मास्तर म्हणाले. "वर पट्टी मारू?"

"दिसू द्या."

"अस्तर? रेशमी काढून फ्लॅनेल लावतो. रंग?"

यादव लाजला. हो, लाजला! "लालभडक मिळेल?"

"आतलं कुणाला दिसणार?"

"मला दिसेल की!"

सगळे हसले. नानाही हसले. मग म्हणाले, "अजून काय यादवा? सांग. काहीही सांग."

यादव म्हणाला, "झाकण."

"जॅकेटला?" मास्तरांनी विचारलं.

"दांड्याला. नाना, ते झाकण अजून शेडच्या माळ्यावर पडलंय."

अरे देवा!

मंडळी, घर बांधलं. शाली दिल्या. ट्रॅक्टरला हार घातला, त्याच दांड्याला कुंकू लावलं — आणि झाकण नाही बसवलं! नवा ड्रायव्हर रोज त्याच उघड्या दांड्याशेजारी उभा! आणि खुर्चीवरून यादव रोज ते बघत होता. त्याचं काळीज रोज त्या दांड्यात जात होतं, आणि आपण म्हणत होतो, सुखात बसलाय!

नानांनी त्याच दिवशी, स्वतःच्या हातानं, माळ्यावरून झाकण काढलं. धूळ पुसली. यादव उभा राहून सांगत होता, नाना पान्यानं आवळत होते. "अजून अर्धा फेर, नाना. हं. बास." नानांनी त्याचं ऐकलं! पहिल्यांदा त्या माणसाचा शब्द त्यांच्या कानात पूर्ण शिरला.

मग थंडी आली. पहाटे ट्रॅक्टर चालू झाला. वर यादव. डावी बाही आखूड, बंद, नीट. टिचबटणं लावलेली — स्वतः. छातीवर भोकांची रांग. उजव्या हातात स्टिअरिंगची मूठ. नाना बांधावर उभे, जीव मुठीत धरून. ट्रॅक्टर पहिल्या ओळीतून जाऊन परत आला. यादवानं तो थांबवला, खाली वाकून ओरडला, "नाना, धन्यवाद बरं का!"

ज्याचा हात गेला, तो म्हणतो धन्यवाद! आणि नानांना वाटलं, आज कुठं माझे आभार पोचले.

आता मंडळी, तुमच्याकडं वळतो. जागा बदलू नका, सापडाल!

तुमच्या घरात कोण बसलंय खंडेनवमीला? जिनं तुम्हाला वाढवलं, तिला तुम्ही मऊ खुर्ची दिली, टीव्ही लावून दिला, म्हणालात, "आई, तू आता काही करू नको, फक्त बस." प्रेमानं म्हणालात! खोटं नाही. पण विचारलंत? तिला अजून भाकरी थापायची असेल. कदाचित आयुष्यात एकदाही थापायची नसेल. पोहायला शिकायचं असेल! तुम्हाला काय माहीत? देवालासुद्धा आपण आपल्या आवडीचा पोशाख घालतो. तो बिचारा बोलत नाही. माणसं बोलतात हो! माणसांना विचारण्याची सोय देवानं करून ठेवलीये. ती वापरा.

आरती तयार आहे, कापूर तयार आहे. पण मी सुरू करणार नाही. ज्या माणसानं तुमच्यासाठी काही गमावलं, ते आत्ता तुमच्या शेजारी बसलं असेल, नाहीतर घरी असेल. शेजारी असेल तर वळा. घरी असेल तर फोन लावा. हो, देवळात! आज परवानगी. एवढंच विचारा — "तुला काय पाहिजे?" आणि मग गप्प बसा. उत्तर पूर्ण होईपर्यंत.

बुवा, हात काढा मृदंगावरून.

विचारा. देवही थांबलाय, मीही थांबतो.