कानबाईचा मुखवटा संग्रहालयाबाहेर नेल्याबाबत

जबाब दि. २०/०८/१९९१

मी, शेवंताबाई भ्र. लीलाधर बडगुजर, वय अंदाजे ७० (हवालदारांनी तोंड पाहून ७५ लिहिले होते, ते खोडायला लावले), धंदा घरकाम, शिक्षण नाही, रा. जुनी जिन गल्ली, नदीकाठ, जि. जळगाव. विचारल्यावरून समक्ष सांगते की,

वरील ठिकाणी मी मुलगा वना व सून यांच्यासह राहते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी, कापसाच्या जुन्या जिनात, गावाच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. दर रविवारी तेथे लहानथोर सर्वांसाठी कार्यक्रम असतो. पोरे मातीचे बैल करतात, म्हातारे कापसाच्या गाड्यांच्या गोष्टी सांगतात आणि आम्हा बायांना जात्यावर दळायला बसवतात. ते जाते माझेच आहे. गिरणी आल्यावर देऊन टाकले. आता त्यावर दळले की लोक टाळ्या वाजवतात. घरी दळत होते तेव्हा कोणी वाजवली नाही.

संग्रहालयाचे व्यवस्थापक अभिमन देवरे सर आहेत. रात्रीचा रखवालदार नासीर गफूर पिंजारी आहे. त्याला मी लहानपणापासून ओळखते.

नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घरोघर कानबाई देवी बसते. सर म्हणाले, "अक्का, यंदा इथे बसवून दाखवा. पोरांना कळेल." सुरतेला गेलेल्या एका घराने आपल्या कानबाईचा चांदीचा मुखवटा संग्रहालयाला दिलेला आहे, तोच बसवायचा ठरला. मी विचारले, "रोट कितला माणसासना?" रोटांचे, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांचे, पीठ घरातल्या माणसामागे सव्वा मूठ असे मोजून दळतात आणि ते रोट घराबाहेर कोणाला देत नाहीत. सरांनी हात फिरवून सांगितले, "बठ्ठासना!"

म्हणून मी बठ्ठासना, सगळ्यांचे, दळले. हजर होता त्या प्रत्येकाच्या नावाने मूठ घातली. नासीर लवकर येऊन दाराशी उभा होता. तो म्हणाला, "अक्का, माझी कशाला?" मी म्हणाले, "तुझी जरा मोठी घालते, तुझ्या अंगावर मांस नाही." दिवा लावला, गाणी म्हटली, सगळ्यांनी रोट खाल्ले. सरांनी खीर दोनदा घेतली.

कार्यक्रम संपल्यावर सर म्हणाले, "पंधरा दिवस अशीच राहू द्या, शाळांच्या सहली येणार आहेत." मी सांगितले की, सोमवारी सकाळी तिला नदीवर न्यावी लागते. सर हसले. म्हणाले, "अहो अक्का, ही काय खरी आहे का?" खीर त्यांच्या मिशीला लागलेली होती.

त्यानंतर मला घरात बसवेना. सून म्हणाली, "आई, सारख्या दाराशी काय जाता?" मी म्हणाले, पाणी प्यायला. पाण्याचा माठ आतल्या घरात आहे.

सोमवारी उजाडताच मी आणि गल्लीतल्या ताईबाई व सुंदरबाई अशा तिघी संग्रहालयावर गेलो. नासीर म्हणाला, "सरांना विचारून घ्या ना, अक्का." मी म्हणाले, "तुना सर अकराले येस. देवी तोवर थांबी का? उघाड." त्यावर सदर इसमाने दार उघडले व चपला काढून बाजूला उभा राहिला. त्याने मुखवट्याला हात लावला नाही. जाताना मी त्याला बजावले, "कोणी काही इचारं तरी तू बोलू नको. मी सांगसू."

नदीवर देवीला डुबकी दिली, ओटी भरली व मुखवटा घेऊन परत आलो, तर संग्रहालयाला कुलूप होते. नासीरची पाळी संपली होती. देवीला घेऊन रस्त्यावर किती उभे राहायचे? मी तिला घरी नेले व गव्हाच्या कोठीत ठेवले. ते घरात कोणाला सांगायच्या आत वना सांगत आला की, धरणगावला लेकीकडे नात अडली आहे. मी तशीच बसस्टँडवर गेले. नातीला मुलगी झाली. जबाबात ते लागत नसेल तर गाळावे.

धरणगावलाही जीव थाऱ्यावर नव्हता. लेक म्हणाली, "आई, आता तरी टेक." मी आज दुपारची बस धरून आले. स्टँडवर ताईबाई भेटली. म्हणाली, मुखवटा चोरला म्हणून काल दुपारीच नासीरला पोलिसांनी नेले. मी विचारले, "मग तू का नाही सांगितलेस?" तर म्हणाली, "पोलिसात बायांनी जायचे का?" मी घरी जाऊन मुखवटा पदरात घेतला व सरळ इथे आले.

नासीरच्या ओठाला काय झाले, असे मी विचारले. हवालदार म्हणाले, पडला. ते तसेच लिहावे.

हवालदारांनी विचारल्यावरून सांगते की, नासीर बोलला नाही तो मी बोलू नको म्हटले म्हणून. देवीच्या कामात त्याचा काय संबंध, असेही विचारले. संबंध असा की, त्याच्या नावाची मूठ त्या पिठात होती. रोट खाल्ला तो घरचा झाला. घरचा माणूस घरची देवी चोरत नाही. कोणाचे नाव लिहायचेच असेल तर आमची तिघींची लिहा. माझे आधी लिहा. ताईबाईचे आधी आले तर ती गावभर मिरवेल.

देवरे सर आता येथे आले आहेत. त्यांना खुर्ची दिली. तक्रार मागे घेतो म्हणाले, पण नासीरने आधीच खरे सांगायला हवे होते, असेही म्हणाले. मी म्हणाले, "सर, तुम्ही त्याला विचारलं होतं, की तूच चोर म्हणून सांगितलं होतं?" सरांनी चष्मा पुसला.

हवालदार मुखवटा पोलिसांच्या मालखान्यात ठेवतो म्हणतात. मी देणार नाही. तो नासीरच्या हातात देईन, तो जागेवर नेऊन ठेवील. दार त्याचे आहे.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. 'सदर इसम' हा शब्द माझा नाही, मी नासीर म्हणाले होते. बाकी सर्व मी बोलले तसेच उतरले आहे. नासीर बाहेर येऊन माझ्याजवळ बाकावर बसला की अंगठा देईन. तोवर शाई वाळली तर पुन्हा लावावी.

समक्ष: हिलाल सोनवणे, पोलीस हवालदार. (शाई दोनदा वाळली.)

निशाणी: शेवंताबाई भ्र. लीलाधर बडगुजर, डाव्या हाताचा अंगठा.

अंगठा ओळखणार: नासीर गफूर पिंजारी. सही.