चाळीस दिवसांचा शब्द

जास्त माहिती असणं किती महागात पडतं, ते मला विचारा. सुजाताताई बाळंतपणाला आमच्याकडे नाहूरला आली होती. आईचा नियम एकच, सव्वा महिना घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. ताईने आधीच दिवस मोजून ठेवले होते. अडतिसाव्या दिवशी सुटका, आणि एकोणचाळिसाव्या दिवशी मानखुर्दला तिच्या जिवलग मैत्रिणीचं लग्न. साडीला फॉल-पिकोसुद्धा करून तयार.

पस्तिसाव्या दिवशी ती वैतागली. "आई, जगात कुठे असं कोंडून ठेवतात गं?"

मला राहवतंय थोडंच! "ठेवतात ना! क्वारंटाइन हा शब्द कुठून आला माहितीये? साथीच्या काळात इटलीवाले बाहेरून आलेलं जहाज बंदराबाहेर चाळीस दिवस थांबवायचे. कोणी उतरायचं नाही. त्यांच्या भाषेतल्या चाळीसवरून तो शब्द आला."

आई एकदम खूश. "बघ, शिकलेली माणसंपण तेच करतात. किती दिवस म्हणालास?"

"चाळीस."

"अगंबाई, मग आपले दोन कमीच पडतायत की! सुजाता, तूपण चाळीस पूर्ण कर."

ताईने माझ्याकडे असं पाहिलं ना, यार, मी सरळ किचनमध्ये पळालो.

लग्नाच्या दिवशी मी नवा कुर्ता घालून, सेंट मारून निघालो. ताई बाळाला घेऊन दारातच उभी.

"कुठे?"

"लग्नाला. मलापण बोलावलंय ना."

तिने बाळ माझ्या हातात दिलं आणि दाराला आतून कडी घातली. "तूपण याच जहाजावर आहेस ना रे? मग कोणी उतरायचं नाही."