बिनआवाजी कॅमेरा आणि बेचाळीस शिक्षक

...आणि आवाज नाही हो! मला सांगा, ज्याचं काम झालं की नाही हे कानाला कळत नाही, त्याला यंत्र म्हणायचं तरी कसं? छत्तीस वर्षं स्टुडिओ चालवतो आहे मी. जुन्या कॅमेऱ्याच्या पोटात एक आरसा असायचा. बटण दाबलं की तो उडायचा, 'खटॅक!', मला कळायचं, समोरच्याला कळायचं, शेजारच्या चष्मेवाल्यालासुद्धा कळायचं! तो कॅमेरा सूनबाईनं कपाटात ठेवला आणि हा आणला, मिररलेस. म्हणजे बिनआरशाचा. वजनाला इतका हलका, की गळ्यात आहे की नाही हे चाचपून पाहावं लागतं! आणि वर मलाच म्हणते, "बाबा, शाळेचा ग्रुप फोटो मी काढते. तुम्हाला याची सवय नाही अजून."

मला सवय नाही? मला? अहो, पुस्तिका मी अथपासून इतिपर्यंत वाचली आहे! पाचशे चौऱ्याऐंशी पानं, शेजारी शब्दकोश ठेवून! तिनं अनुक्रमणिका तरी पाहिली होती का? मग तिनं शांतपणे अट घातली. "ठीक आहे, काढा तुम्ही. पण बिघडला, तर यापुढे ग्रुप फोटो माझे, ओळखपत्रांचे तुमचे." ओळखपत्रांचे! आयुष्यभर तीन-तीन रांगा हलवलेला माणूस मी, आणि आता काय, 'हनुवटी वर करा, चष्मा काढा' म्हणत बसू?

तर प्रसंग असा, की मुख्याध्यापिकाबाई निवृत्त होत होत्या. फोटो सभागृहात कायमचा लागणार. बेचाळीस शिक्षक, मागची रांग बाकांवर उभी, मधोमध बाई. आणि बाईंना हसताना पाहिलेला मनुष्य त्या शाळेत नाही, तुम्हाला सांगतो! आता पुस्तिकेत पान दोनशे बारावर स्वच्छ लिहिलं आहे, गंभीर प्रसंगी मूक पद्धत वापरावी, म्हणजे याचा उरलासुरला बारीक 'टिक्'सुद्धा बंद. पुढे लिहिलं आहे, समूहात कुणाचे डोळे मिटू नयेत म्हणून सलग पद्धत वापरावी, बटण दाबून धराल तोवर फोटो निघत राहतात. निवृत्ती हा गंभीर प्रसंग नव्हे काय? मी दोन्ही लावल्या! कारण पुस्तिका मी अथपासून इतिपर्यंत वाचली आहे!

"एक... दोन... तीन... कुणीही हलू नका!" दाबलं बटण.

काही नाही.

मूक पद्धत मीच लावली होती, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं! पण बोटाला नव्हतं ना! बोटानं कुठे पुस्तिका वाचली होती? ते आपलं 'खटॅक'ची वाट पाहत बटणावर तसंच घट्ट! "हलू नका!" मी पुन्हा ओरडलो. विज्ञानाच्या सरांनी श्वास रोखलेला, ते लाल, मग जांभळे... कवायतीचे सर दात न उघडता, "झाऽलं काऽ?" चित्रकलेच्या बाई, "माझा गाल दुखतोय हो!" मागून कुणीतरी, "अगं, बाक हलतोय!" आणि मी? "हलू नका!" सूनबाई कोपऱ्यात कपाळाला हात लावून उभी. मला डोळ्यांपुढे ओळखपत्रंच दिसू लागली, तुम्हाला सांगतो!

आणि एकाएकी मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "अहो, तीस वर्षं मी मुलांना 'हलू नका' म्हणत आले... आज कळलं, काय हाल होत असतील बिचाऱ्यांचे!" आणि हसल्या! साध्या नव्हे, पदर तोंडाला लावून, खुर्चीत मागे रेलून! त्या हसल्या तसे बेचाळीसच्या बेचाळीस हसत सुटले, कवायतीचे सर बाकावरून थेट संगीताच्या सरांच्या गळ्यात!

सूनबाईनं धावत येऊन माझं बोट बटणावरून अक्षरशः सोडवलं. मी म्हटलं, "निघालाच नाही गं." ती कॅमेऱ्याच्या पडद्याकडे पाहत म्हणाली, "बाबा... सहाशे अठरा निघालेत."

बाईंनी त्यातला नेमका तो हसण्याचा निवडला. आता तोच सभागृहात आहे, आणि गावभर बोलबाला. जो तो येतो आणि म्हणतो, "ते गोंधळणारे आजोबाच पाठवा हं!" मी सांगायला जातो, की अहो, पुस्तिका मी अथपासून... तर सूनबाई मागून चिमटा काढते. ग्रुप फोटो माझेच राहिले, हे खरं. पण आता रोज सकाळी दुकान उघडण्याआधी ती माझी गोंधळण्याची तालीम घेते... आणि कालच म्हणाली, "बाबा, नाही जमत हो अजून. थोडं मनापासून गोंधळा!"