घर पाडलेल्या बाईचा भाग

(मार्च १९९४. अंबरनाथमधलं एक चर्च. उद्याच्या जागतिक प्रार्थना दिनाची तालीम.)

पद्मजा: थांबा, कौसाबाई. ‘आमचं घर पाडलं’ म्हटल्यावर जरा दम घ्या. पॅलेस्टाइनच्या बायकांनी स्वतः लिहिलेली उपासना आहे ही. उद्या उल्हासनगर-बदलापूरच्या मंडळ्याही येणार आहेत ऐकायला.

कौसाबाई: दम कसला घेऊ बाई, फुडलं वाचवंना.

पद्मजा: तसंच वाचा. म्हणून तर हा भाग तुम्हाला दिला. तुमच्या आवाजात ते दुःख येतं.

कौसाबाई: येनारच की. सोमवारी माजंबी पाडनार हायेत.

अंजना: काय? मावशी, इथली मागची खोली?

कौसाबाई: माजी, गोजरबाईची, चर्चाच्या भितीला टेकून हायेत त्या समद्या. नगरपालिकेचा मानूस दारावर खडूनं फुली मारून गेला.

पद्मजा: अंजना, तू पेटीकडे लक्ष दे.

अंजना: पेटी राहू दे, मम्मी. जागा तर चर्चची आहे ना? फिर नगरपालिका को किसने बुलाया?

कौसाबाई: तुज्या पप्पांनी. कमिटीचे सेक्रेटरी न्हाईत का ते? अर्ज त्येंचाच हाय.

पद्मजा: ह्यांचा एकट्याचा नाही, कमिटीचा. हॉल बांधायचाय. आपल्या लोकांनी लग्नं काय रस्त्यावर करायची?

कौसाबाई: बांदा की हॉल. पन आदी आमी कुटं जायाचं, ते सांगा. माजा नवरा गेला तवा जुने पाळकसाहेबच म्हनले, कौसा, झाडलोट कर अन् हितंच ऱ्हा.

पद्मजा: तोंडी म्हणाले. तुमच्याकडे कागद आहे का काही?

कौसाबाई: ह्या वाचनातल्या बाईकडं कागद हुता, तरी पाडलंच की. हितं मीच वाचतेय न्हवं?

पद्मजा: कौसाबाई, तो विषय वेगळा आहे.

कौसाबाई: येक मागते, बाई. उद्या प्रार्थनेत त्या बायकांच्या मागून आमच्या घरांचं नाव घ्या. येकच ओळ. समदी कमिटी बसलेली आसंल. देवाम्होरं ऐकलं, तर सोमवारी त्येंचा हात उचलनार न्हाई.

पद्मजा: अहो, प्रार्थनेत राजकारण नको आणायला.

अंजना: आणि हे सगळं काय आहे मग? न्याय, जमीन, घरं! गेल्या शुक्रवारी तिथल्याच हेब्रॉनच्या मशिदीत नमाज पढणाऱ्यांना गोळ्या घातल्या, तर तू जेवली नव्हतीस, मम्मी.

पद्मजा: त्याची ह्याच्याशी बरोबरी करतेस? तिथं माणसं मेली, अंजना. लाज वाटत नाही बोलायला?

कौसाबाई: बाई खरं बोलत्यात, पोरी. बरोबरी न्हाईच. त्या बायांसाटी माजंबी काळीज तुटतं. पन बाई, तुमाला येवढ्या लांबचं दिसतं, अन् भितीपलीकडचं कसं दिसंना?

पद्मजा: दिसतं हो. दिसत नाही असं नाही. पण मग मी काय करू? चार मंडळ्यांसमोर ह्यांची शोभा करू? हवं तर उपासना झाल्यावर आपण दोघी एकांतात प्रार्थना करू. मी तुमचा हात धरून करीन.

कौसाबाई: येकांतात मी रोजच करते.

अंजना: मी उद्या पेटी वाजवणार नाही. सांगून ठेवते.

पद्मजा: गप बस! माझं डोकं फिरवू नकोस. कौसाबाई, वाचणार की नाही, तेवढं सांगा. नाहीतर हा भाग कुमुदिनीला देते.

कौसाबाई: वाचीन की. त्या बाईनं माजं काय घोडं मारलंय? तिनं येवढ्या लांबून आपलं दुक सांगितलंय, ते नीट वाचीन. अंजना, तूबी वाजव.

पद्मजा: बरं झालं बाई. मला वाटलं, तुम्ही रुसलात.

कौसाबाई: रुसून काय करू? ती बाई माज्यापरीस बरी, येवढंच वाटतंय. तिचं घर पाडनारे तिच्यासाटी आमेन म्हनायला तरी येत नसतील.