भुईला लागलेला झेल

न्हाय, न्हाय, तिरवार न्हाय! जत्रंच्या कुस्त्यांना मला पंच बसवायचं म्हनत आसाल तर आलात तसं माघारी जावा. गूळपानी घिऊन जावा, पर जावा! "येडूबा, तुमच्यावानी खरं बोलनारा मानूस मुलखात न्हाय, सोताच्या पोराच्या इरुद्द बोलला तुमी..." आयकून आयकून कान किटलं की माझं! आवो, इरुद्द कोन बोललं? त्यांनी इचारलं, मी सांगितलं! पर कसं झालं, काय झालं, ते कुनी बसून आयकतंय का? बसा. आलाईसा तर बसा आन आयका.

माझा सिदू, सिद्धनाथ, सोलापुरात इंग्रजी शाळंत हुता. आमच्या वाडीतनं शाळंत गेलेलं पयलं पोरगं. बोर्डिंगात ऱ्हायचा. आता तितली पोरं कशी, तर परीटघडीची कापडं, भांग पाडल्याला, आन ह्याला म्हनायची, "ए मेंढरू, लांब बस, वास येतो." त्यांच्या किरकेटात ह्याचं काम काय? चेंडू गटारात गेला की ह्यानं काढून द्यायचा! पर पोराला त्या चेंडवाचं येड लागल्यालं. म्हनायचा, आबा, एकदा मला त्यांच्यात खेळाय मिळू दे, मग बगा. आन एकदा काय झालं, त्यांचा एक गडी तापानं पडला, नेमका मोठ्या सामन्याच्या वक्ताला, आन मास्तर म्हनलं, "सिद्धनाथ, तू उभा राहा."

तुमाला सांगतो, पोरानं मला सांगावा धाडला, आबा, या! पयला सांगावा. त्याआदी मी कवा गेलो तर मला मागल्या दारानं घ्यायचा, घोंगडं बगून पोरं हासत्यात म्हनून. मला कळत न्हवतं व्हय? पर बोलतंय कोन... आन आता म्हनतोय, या! केराबाईनं, आमच्या मंडळीनं, भाकरी बांदल्या, शेंगांची चटणी बांदली, आन मी नातेपुत्याहून मोटारीत बसलो. वाटंनं ज्यो भेटंल त्येला सांगत गेलो, माझा ल्योक खेळतोय, माझा ल्योक खेळतोय.

बरं, किरकेट म्हंजी काय, तर दोन गडी फळ्या घिऊन उन्हात हुबं, आन बाकीचं कळप पांगल्यावानी चौकडं पांगल्यालं. मदी दोन पंच, पांढरं डगलं घालून. एक पळतोय, बाकीचं बगत्यात. मग समदं मिळून टाळ्या वाजिवत्यात, का वाजिवत्यात त्ये त्यांनाच ठावं. लई वाट बगितली, भाकरी खाऊन झाली, शेवटाला शेजारच्याला इचारलं, "खेळ कवा सुरू व्हायचा वो?" तर म्हनतोय, "काका, संपत आला की!"

सिदूला हुबा केल्याला पार कडंला, माझ्याम्होरंच. मला बगून हासला. चारचौघांत हासला, तुमाला सांगतो! समोरच्या शाळंची शेवटची जोडी हुती, दोन धावा पायजेल. त्या गड्यानं फळी आशी फिरीवली, चेंडू वर, आजून वर, घारीच्या घरात! आन सिदू पळाला. धनगराचं पोरगं त्ये, लांडग्यामागं पळाल्यालं. धरला! दोनी हातांत, छातीसंगट, माझ्या डोळ्यांम्होरं धरला की वो!

आन मग काय केलं? ल्हानपनापासनं मी शिकिवलंय, वरनं हातात काय बी पडलं, बोर पडू दे, चिंच पडू दे, आदी भुईला टेकवायची, मग कपाळाला लावायची, मग आपली म्हनायची. माझ्या बानं मला शिकिवलं, मी त्येला. त्यो हुबा ऱ्हायला, दम घेतला, वाकला, चेंडू भुईला टेकिवला आन कपाळाला लावला. माझं डोळं भरून आलं. म्हनलं, एवडं इंग्रजी शिकलं, पर इसरलं न्हाय पोरगं!

तर तिकडं ह्यो गलका! ही पोरं नाचत्यात, "आउट, आउट!" ती पोरं बोंबलत्यात, "लागला, जमिनीला लागला!" आन पंच? एक पार लांब, दुसऱ्याच्या डोळ्यांवर ऊन. त्येनं डोळं चोळून बगितलं तवर सिदू वाकल्याला, चेंडू भुईवर. एवडंच दिसलं त्येला. सिदू म्हनतोय, "सर, झेलल्यावर टेकवला." पंच म्हनतोय, "अरे पण कशाला टेकवला?" आन माझं पोरगं निस्तं चेंडू पुसतंय! नमस्कार केला म्हनून सांगायची लाज वाटली त्येला त्या पोरांत. आदीच मेंढरू म्हनत्यात, आनि वर हे सांगायचं? लाल झाला निस्ता.

तवा समोरच्या शाळंचा म्होरक्या म्हनला, "सर, ते घोंगडीवाले बाबा अगदी जवळ बसलेत. ना आमचे, ना त्यांचे. त्यांना विचारा." आला की पंच माझ्याकडं! लई गोड बोलला. "बाबा, देवाशपथ खरं सांगा हं. चेंडू जमिनीला लागला का?"

सिदूनं माझ्याकडं बगितलं. काय त्वांड फुललं हुतं त्येचं! आता कसली काळजी, आबा हाय, आबानं बगितलंय... आन मी? मला वाटलं, शिकवन इचारत्यात माझी! हुबा ऱ्हायलो, छाती काडली, पटका सारका केला, आन समद्या मैदानाला आयकू जाईल आसं वरडलो, "लागला की सायेब! मी सोता बगितला! झकास लागला!"

आता तुमीच सांगा, त्यांनी इचारलं, मी सांगितलं! आदी लागला का मागनं लागला, आसं इचारलं का? न्हाय! पंच हात हालवून कायतरी म्हनला, "नॉट आउट." मला वाटलं शाब्बास म्हनला. मी रामराम घातला.

मग सिदूकडं बगितलं. "आबा..." म्हनला. एवडंच. पंच दचाकला, "हे तुझे वडील?" तवा माझ्या टकुऱ्यात परकाश पडला. धावलो की मी! "सायेब, आवो झेलून मग टेकिवला, नमस्कार केला त्येनं, मीच शिकिवलंय!" तर पंचानं माझ्या खांद्यावर हात ठिवला, डोळ्यांत पानी आनून म्हनला, "बाबा, मुलासाठी जीव तुटतो, समजतं मला. पण माणूस पहिलं बोलतो तेच खरं असतं." घ्या! फुडलाच चेंडू त्या गड्यानं हानला, दोन धावा झाल्या, सामना गेला. आन त्या शाळंच्या हेडमास्तरानं जितनाऱ्याचा हार माझ्याच गळ्यात घातला, "अशी सत्यवचनी माणसं कुठं राहिली आता!" टाळ्या म्हंजी काय टाळ्या... सिदू लांब हुबा, हात तसंच, वंजळ धरल्यावानी.

बोर्डिंगात पोरं म्हनाय लागली, खोटारडं मेंढरू, बापानंच पकडलं. सुट्टी लागली तवा ट्रंक घिऊन घरी आला, त्यो माघारी गेला न्हाय. भांडला आसता तर बरं झालं आसतं. शिव्या दिऊ दे, ताट फेकू दे, काय बी करू दे! पर न्हाय. मेंढरं राखतो, सांगितलेलं करतो. मी किती येळा सांगितलं, सिदू, मला वाटलं नमस्काराचंच इचारत्यात रं. म्हनतो, "बरं आबा." केराबाई म्हनती, "तुमच्या त्वांडाला त्या दिवशी कुलूप का लागलं न्हाय!"

आन हिकडं माझं नाव झालं! बांदाचं भांडान आसू दे, मेंढरं चोरल्याली आसू देत, बलवा येडूबाला. आन मी जीव तोडून सांगतो, बाबांनो, झेल खरा हुता, सुच्चा हुता, तर समदी हासत्यात. म्हनत्यात, "बापाचं काळीज हाय, चालायचंच." त्यांनी इचारलं, मी सांगितलं, त्ये खरं. न इचारता सांगतो, त्ये खोटं!

परवा सोयरीक आली सिदूला. पावनं बसल्यालं, गूळ वाटायला काडल्याला. पोरीचा बाप मायाप्पा, भला मानूस, म्हनला, "पोरगं शिकल्यालं हाय, त्येला बी इचारू की. काय सिद्धनाथ, पोरगी पसंत हाय न्हवं?" सिदूनं मान वर केली न्हाय. म्हनला, "मला कशापायी इचारता? आबास्नी इचारा. त्ये सांगत्यात त्येच समदी खरं धरत्यात."

समदं पावनं खूश! मायाप्पानं मांडीवर थाप मारली, "आसं पोरगं मिळायला भाग्य लागतं येडूबा! बापाच्या शबुदाभाईर न्हाय!" आन माझ्या हातावर गुळाचा खडा ठिवला... खाल्ला की. न खाऊन सांगतोय कुनाला?