आइस्क्रीमच्या डब्यातलं मीठ

माझ्या लेबलांना हसता ना? मग हे ऐकाच.

कॉलेजच्या लॅबमध्ये शिकवून मला सवयच लागलीय. डबा दिसला की विचारायचं, "यात काय आहे?" गोडदेवच्या आमच्या सोसायटीत माझं नावच पडलंय, 'लेबलवाली'.

परवा सोसायटीच्या पूजेचं जेवण होतं. आमटी उकळतेय आणि मीठ संपलेलं. शेजारच्या कदमकाकूंनी सोसायटीच्या हॉलमधल्या फळीवरून आइस्क्रीमचा जुना डबा काढला. आत पांढरेशुभ्र खडे.

"काकू, काय आहे ते?"

"खडेमीठ गं! थांब, चाखून बघते."

बोट डब्यात जाणार तेवढ्यात मी त्यांचा हातच धरला. काकू भडकल्या, "तुझी लॅब कॉलेजात ठेव!"

मी वाटीत पाणी घेतलं, चिमूटभर हळद टाकली आणि चमच्याने थोडे खडे सोडले. पिवळं पाणी लालभडक!

"मिठाने हळद लाल होते का हो, काकू?"

तेवढ्यात सेक्रेटरी मेहताभाई दारातूनच ओरडले, "अरे बेन, वो डब्बा मत छूना! कॉस्टिक सोडा है, मोरी खोलने को रखा था!"

काकूंची जीभ वाचली. आमटीत पडलं असतं तर अख्खी पंगत हॉस्पिटलात गेली असती.

आज काकूंनी चहाला बोलावलं. साखर, रवा, बेसन, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. मी मुकाट्याने कप तोंडाला लावणार, तर काकूच म्हणाल्या,

"काय गं, विचारलं नाहीस, यात काय आहे?"