आमच्या ह्यांचा मेंदूचा वर्ग

तुम्ही कधी डाव्या हाताने दात घासलेत का हो? नाही ना? मग सुखी आहात! मी रोज घासतेय, आणि तुम्हाला सांगते, पेस्ट तोंडात कमी आणि कोपरावर जास्त! म्हणे, उजव्या हाताच्या माणसाने डाव्या हाताने कामं केली की मेंदूचा झोपलेला भाग जागा होतो. अहो, झोपलाय तर झोपू दे की बिचारा, कोणाचं काय घेतलंय त्याने? पण नाही. आमच्या लेकीने वर्ग लावलाय ना, मेंदूच्या व्यायामाचा! मला नव्हे, आमच्या ह्यांना. पण ह्यांना एकटं बसवलं तर हे उठून चालू लागतात, म्हणून शेजारच्या खुर्चीवर मी. आणि तिथे नुसतं बसू देतील तर शपथ! "काकू, तुम्हीपण करा ना! मेंदूला वय नसतं हो काकू!"

हे आमच्या वर्गाच्या मॅडमचं पालुपद. मॅडम म्हणजे केवढीशी, आमच्या लेकीहून लहान, आणि आवाज असा गोड की वाटावं, आता ही पर्समधून चॉकलेट काढून देणार.

त्याचं काय झालं, आमचे हे लिफ्ट चालवायचे. एका मोठ्या ऑफिसात, उभा जन्म. दार ओढायचं, "कितवा?" विचारायचं, बटण दाबायचं. निवृत्त झाले आणि मग हळूहळू... आधी चष्मा सापडेना, मग किल्ल्या, ते काय, सगळ्यांचंच होतं. पण एकदा दूध आणायला म्हणून गेले, ते शेजारच्या बिल्डिंगमध्ये कुणाच्या तरी सोफ्यावर पेपर वाचत बसले! त्या घरची सून घाबरीघुबरी होऊन माझ्या दारात. "काकू, काका आमच्याकडे आलेत... आणि चहात साखर कमी आहे म्हणतायत!" मी हसले हो तेव्हा. पोट धरून हसले.

डॉक्टर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "गेलेलं परत येईलच असं नाही. उरलेलं टिकवायचं बघू. मेंदूला काम द्या." मी मनातल्या मनात म्हटलं, किल्ल्या जाऊ देत, दूध जाऊ दे, साखर तर गेलेलीच बरी. मला ओळखलं की पुरे. एवढं एक टिकू दे.

तर वर्ग. पहिल्याच दिवशी मॅडमनी ह्यांना विचारलं, "काका, पाच, सहा, सात... पुढे काय येईल?"

हे म्हणाले, "पुढे गच्ची."

"नाही काका, नीट आठवा हं. सातच्या पुढे?"

"अहो, सातच मजले आहेत! कितीही वेळा बटण दाबा, लिफ्ट काय आभाळात जाणार आहे?"

मॅडमनी फुली मारली. आता मला सांगा, ह्यात चुकलं काय? अर्धा मार्क तरी द्यायचा! पण मॅडम आपल्या हसून, "हरकत नाही, येईल हळूहळू. मेंदूला वय नसतं!"

आणि खरंच नसतं हो. कारण माझा सुधारला ना! मी शाळेत मागच्या बाकावरची, दहावी कशीबशी काठावर. हे जन्मभर मला म्हणत आले, "अगं, तुझ्या डोक्यात बटाटे भरलेत, बटाटे!" आणि आता चित्रांच्या जोड्या लावायला सांगा, शब्दांची यादी उलटी म्हणायला सांगा, सगळ्या वर्गात पहिली मी! मॅडम टाळ्या वाजवतात. आणि घरी आल्यावर मला काय काय आठवायला लागतं म्हणून सांगू... लेक पहिल्यांदा चालली तो दिवस आठवतो, ती जिन्याकडे जाईल म्हणून हे दारात आडवे झोपले होते ते आठवतं. मी हौसेने सांगायला जाते, "अहो, आठवतं का?" तर हे सगळं मन लावून ऐकतात आणि विचारतात, "छान आहे. कुणाची मुलगी?"

काय करायचं मग त्या सुधारलेल्या मेंदूचं? दोघांनी मिळून उचललेलं ओझं, एकाने हात सोडला की दुसऱ्याच्या खांद्यावर किती येतं!

बरं, आता मुख्य सांगते. आमच्या घरात मी ह्यांना "अहो", आणि हे मला "अगं". लेकीचं ह्यावरून कायम भांडण. "आई, तूपण बाबांना अरे म्हण! एकाने तू आणि एकाने तुम्ही, हा कुठला न्याय?" एकदा तिच्या हट्टापायी मी म्हटलंसुद्धा, "अरे, जेवायला ये," आणि ह्यांना इतका ठसका लागला की पाणी पाजावं लागलं.

तर परवा वर्गात खेळ होता. हातातलं कार्ड शेजाऱ्याला द्यायचं आणि एक वाक्य बोलायचं. एरवी हे म्हणायचे, "हं, धर." परवा माझ्याकडे वळले, कार्ड दोन्ही हातांत धरलं, आणि इतक्या हळू आवाजात म्हणाले, "घ्या ना. आधी तुम्ही घ्या."

मॅडमना कोण आनंद! "बघितलंत काकू? काका किती छान बोलायला लागले! किती आदराने!" सगळा वर्ग टाळ्या वाजवतोय. मॅडम म्हणतायत, "मी म्हटलं नव्हतं? मेंदूला वय नसतं!" आणि मी कार्ड हातात धरून बसलेय... त्यावर चित्र कसलं होतं, ते काही मला दिसेना.

लेकीला फोन केला. म्हटलं, बाबा मला तुम्ही म्हणाले. तर ही खिदळली, "अगं आई, शेवटी झाली की गं बरोबरी!" आणि मग हळूच विचारलं, "तुम्ही म्हणाले? तुला?" तिलाही माहीत आहे ना! लिफ्टमध्ये चढेल त्याला हे तुम्ही म्हणायचे. साहेब असो, झाडूवाली असो, पत्ता चुकून आलेलं माणूस असो. तू म्हणायचे ते फक्त घरच्यांना. मला नेऊन त्या लिफ्टमधल्या माणसांत उभं केलं हो ह्यांनी.

संध्याकाळी मला राहवेना. म्हटलं, "अहो, एकदा अगं म्हणा ना! बटाटे म्हणा, ओरडा माझ्यावर, काहीही म्हणा!"

हे घाबरले. माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, "बाई, तुमचं काही हरवलंय का?"

मी म्हटलं, "हो."

"रडू नका. शोधू आपण," म्हणाले. आणि गुडघे दुखत असताना खाली वाकून, सोफ्याखाली हात घालून शोधत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे मला म्हणाले, "तुमच्या घरी वाट बघत असतील. चहा घ्या आणि निघा." मी चहा घेतला, पिशवी घेतली, जिना उतरले, भाजी आणली, आणि किल्ली होती तरी बेल वाजवली. ह्यांनी दार उघडलं, "या, या," म्हणाले, आणि मी आत जाऊन भाजी निवडायला बसले.